गेरूची रेघ

समोरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा ओटा नवा बसवतायत. कारागीर खाली, बिल्डिंगच्या मागच्या बाजूला ग्रॅनाइट कापतो. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि कापताना दगडावर पाण्याची बारीक धार. तो वास जिन्याने वर येतो. तापलेल्या, ओल्या दगडाचा वास. सोसायटीतल्या बायका दारं लावून घेतात. मी आमचं दार उघडं ठेवते. सून म्हणाली, आई, धूळ येते हो घरात. मी म्हटलं, येऊ दे जराशी. तिला नवल वाटलं असणार. मी सहसा तिला काही म्हणत नाही. तिलाच काय, कोणालाच म्हणत नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून आत जाते. म्हणून हे लिहून काढते, दुपारी सगळे बाहेर गेल्यावर. शाळा चौथीनंतर सुटली. कशी सुटली ते सांगत बसत नाही.

तो वास आला की मला तुर्भ्याचा डोंगर दिसतो. माझं लहानपण त्याच्या पायथ्याशी, क्वारीजवळच्या वस्तीत गेलं. दुपारी लाल झेंडा घेतलेला माणूस शिट्टी वाजवत फिरायला लागला की समजायचं, सुरुंग उडणार. आई पिठावर परात पालथी घालायची, हंड्यावर फडकं टाकायची आणि मला पोटाशी धरून भिंतीला टेकून बसायची. मग जमीन पोटातून हलायची. थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. आणि मग धूळ यायची, सावकाश, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, कुत्र्याच्या पाठीवर बसायची. आमच्या वस्तीत तरणी माणसंही म्हातारी दिसायची. भाकरीत कचकच लागली तरी कोणी ताटावरून उठत नसे.

वस्तीतले सगळे दगड फोडायचे. आबा, म्हणजे माझे वडील, दगड घडवायचे. दिवसा क्वारीत पहार आणि घण, संध्याकाळी दारात बसून टाकी आणि हातोडी. पुढे त्यांनी क्वारी सोडली आणि हायवेच्या कडेला शेड टाकली. चार बांबू, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून वर जुनी टायरं. शेडीसमोर मालाची रांग. पाटे, वरवंटे, जाती, खलबत्ते, पादुका, एखादा नंदी. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि नंदीच्या पाठीवर धूळ बसायची. ती पुसायचं काम माझं. मला ते फार आवडायचं. नंदी काही विचारत नाही.

तेव्हा वाशी, नेरूळकडे नव्या बिल्डिंगींमध्ये माणसं राहायला येत होती. कोकणातली, घाटावरची, मुंबईतल्या चाळींतून उठून आलेली. घरात मिक्सर होता, पण बारसं निघालं की वरवंट्यावाचून अडायचं. आपल्यात बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला झबलं-टोपरं चढवतात, पाळण्याच्या वरून-खालून गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत फिरवतात. फ्लॅटमध्ये वरवंटा कुठून आणणार? मग बाळाची आजी नाहीतर आत्या बसने तुर्भ्याला यायची. नुसता वरवंटा द्या, पाटा नको, असं म्हणाली की आबा ओळखायचे. रांगेतला द्यायचे नाहीत. आतला काढायचे, त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि दोन्ही हातांनी पुढे करायचे. म्हणायचे, "घ्या, मान सांभाळा." ती बाई हसायची, पण घेताना हात खरंच तसाच करायची, डोक्याखाली तळवा धरून. इथल्या कितीतरी पोरांच्या पाळण्यात त्यांच्याआधी आबांचा वरवंटा निजून गेला असेल. ती पोरं आता मोटारी चालवतात.

सकाळी शेडीत पहिलं काम टाक्यांना धार लावायचं. दगडावर चालून चालून टाकीचं तोंड बोथट होतं. आबा कोळसे पेटवायचे, मी भाता ओढायची. लोखंड आधी काळं, मग तांबडं, मग पिकलेल्या पपईच्या रंगाचं व्हायचं. त्या रंगाला ते बाहेर काढायचे, ठोकायचे, आणि पाण्याच्या डब्यात बुडवायचे. चर्र व्हायचं. पाणी किती वेळ द्यायचं हे ते आवाजावरून ओळखायचे. कमी दिलं तर टाकी वाकते, जास्त दिलं तर तुटते. मग ती नवी टाकी दगडाला लागली की एक कोरडा, स्वच्छ आवाज निघायचा. टक, टक, टक. आबा घरी नसले तरी तो आवाज माझ्या कानात असायचा. रात्री झोप लागताना आणि सकाळी जाग येताना तोच.

आणि दगड ऐकायचा खेळ. तो खेळ आहे असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं. आबा म्हणायचे, डोळे मीट. मग एका दगडावर हातोडीने हलकेच मारायचे, मग दुसऱ्यावर, आणि विचारायचे, कुठला बोलला? आपण बाजारात माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसंच ते. धड माठ बोलतो, तडकलेला बोलत नाही. दगडाचं ऐकायला जरा कठीण इतकंच. आबांच्या मते दगडांत बापय दगड असतो आणि बाई दगड असते. बापय दगड घंटेसारखा वाजतो, त्यात देव घडवावा. बाई दगड काशाच्या टाळासारखी वाजते, तिच्यात देवी घडवावी. आणि ज्याच्या पोटात चीर आहे तो वाजतच नाही, ओल्या लाकडावर मारल्यासारखा बद्द आवाज करून गप्प बसतो. वरून कितीही गुळगुळीत असू दे, त्यात देव घडवायचा नाही. त्याचा पाटा करायचा नाही. त्याला पायरीत घालायचं.

मी फारशी चुकायची नाही. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा मला उत्तर येत असूनही तोंडातून फुटायचं नाही. इथे डोळे मिटून नुसतं बोट दाखवायचं होतं.

माझं लग्न तुर्भ्यातच झालं. हे एपीएमसी मार्केटात माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या खांद्याला कांद्याचा वास आणि आबांच्या खांद्याला दगडाचा. सासर आणि माहेर मी वासावरून वेगळं करायची. दुपारची कामं उरकली की मी शेडीत जायची. आईला डबा द्यायचं निमित्त. आई तेव्हा शेडीतच गिऱ्हाईक सांभाळायची.

आबांचे कान कधी गेले ते कोणालाच नेमकं सांगता येणार नाही. जन्मभर कानाशी हातोडी. बायका पाटा टाकवून घ्यायला यायच्या, म्हणजे गुळगुळीत झालेल्या पाट्याला परत टाकीने खरखरीत करून घ्यायला, आणि टाकवून होईपर्यंत घरच्या सासू-सुनांच्या गोष्टी सांगत बसायच्या. आबा मान हलवून हसायचे. बायका म्हणायच्या, काय शांत स्वभाव हो यांचा. आई म्हणायची, कान चांगले होते तेव्हाही माझं कुठे ऐकलंन.

मला कळलं ते एका नंदीमुळे. आबांनी दगड ठोकून पाहिला आणि कामाला घेतला. मी चहा घेऊन आले तर तो ठोका मला बद्द वाटला. मला वाटलं माझीच चूक. पंधरवड्याने नंदीचं वशिंड उडून पडलं. आबा पडलेल्या तुकड्याकडे बघत बसले. पुढच्या वेळी नवा दगड आला तेव्हा त्यांनी ठोका मारला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खूण आपोआप ठरली. ते ठोकायचे तेव्हा मी मागे उभी राहून त्यांच्या पाठीवर तळवा ठेवायची. दगड बोलला तर हात तसाच. नाही बोलला तर काढून घ्यायची. बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला मुलगी सावरतेय. आई आणि आम्ही दोघं सोडून हे कोणाला माहीत नव्हतं, आणि कोणाला कळूही द्यायचं नव्हतं. बहिऱ्या पाथरवटाकडे देव कोण घडवायला देणार? पाटे-वरवंटे देतील. आबांचा जीव देवांत होता.

अशी बरीच वर्षं गेली. मग खाडीकडच्या एका गावातले लोक आले.

ते गाव आता नाही. तेव्हा ते उठत होतं. विमानतळासाठी गावामागचा डोंगर सपाट व्हायचा होता आणि घरं इकडे करंजाड्याला नव्या प्लॉटांवर निघाली होती. भांडी निघाली, गुरं निघाली, देवीचं मात्र अडलं. त्यांची देवी म्हणजे तांदळा. नाक-डोळे नसलेला दगड, शेंदूर फासून फासून गोल झालेला. तो उचलायला गेले तेव्हा कळलं की तो सुटा दगड नाहीच. डोंगराचा कातळच तिथे जमिनीतून वर आला होता. शेंदराचं जाड कवच तेवढं निघालं, ते त्यांनी वाजत-गाजत खाडीत सोडलं. खाली काळा कातळ उघडा राहिला. तो न्यायचा म्हणजे डोंगर न्यायला हवा.

आबांकडे आले ते दोघं, दत्ताशेठ आणि त्यांची आई हिराबाय. दत्ताशेठ गावच्या मंदिर कमिटीत होते. गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाइल, पण आईपुढे शाळकरी पोरासारखे. हिराबाय मिठागरात राबलेली, काळी, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. आवाज असा की बहिऱ्या आबांनाही अर्धा ऐकू जावा. तिचं म्हणणं एकच होतं. देवी घडवायची तर आपल्या डोंगराच्या दगडात. दत्ताशेठचं म्हणणं, एवढी कटकट कशाला, बाहेरून मार्बलची रेडीमेड मागवू, पांढरी शुभ्र, फिनिशिंग एकदम टॉप. आबांनी ओठांवरून जेवढं कळलं तेवढ्यावर मान डोलावली. दगड आणा, बघतो म्हणाले. मी कोपऱ्यात टाक्या आवरत होते. हिराबायने मला दोनदा नाव विचारलं. मी सांगितलं ते तिला ऐकू गेलं नसावं.

"काय रे बाबा," ती आबांना म्हणाली, "ही पोरगी पन तूच घडवलीस का? त्वांड उघडायचं र्‍हायलं हिचं."

आई खो खो हसली. मीही हसले, खाली बघून.

दगड आला तो डंपरमधून, आणि हिराबाय ड्रायव्हरच्या शेजारी केबिनमध्ये, मांडीवर नारळ घेऊन. मागून दोन टेम्पो भरून गावची माणसं. दगड उतरवला तेव्हा जमीन हलली. माणसाच्या छातीइतका उंच, काळाभोर, एका अंगाला डोंगरातली लाल माती अजून ओली. दत्ताशेठ म्हणाले, डोंगरात आता एवढाच धड तुकडा सापडला, बाकीची खडी झाली. मुहूर्त काढलाय. आणि हसत म्हणाले, "आबा, जमलं तर बघा, नायतर टेन्शन घेऊ नका. मार्बलवाल्याला एक फोन करायचा फक्त." हिराबायने मुलाकडे बघितलंही नाही. ती दगडाच्या मातीकडे बघत होती.

आबांनी दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. हातोडी हातात घेतली. मी पदराला हात पुसले, त्यांच्या मागे गेले आणि पाठीवर तळवा ठेवला.

पहिला ठोका वरच्या अंगाला. तसा आवाज मी आयुष्यात परत ऐकला नाही. काशाच्या टाळासारखा लांब, गोड, हायवेच्या गाड्यांच्या वरून निघून गेलेला. आबांच्या पाठीलाही तो माझ्या हातातून कळला असावा, कारण त्यांचे खांदे सैल झाले. मग मधे ठोका. तसाच. मग खाली, पोटाच्या खालच्या अंगाला. आवाज जागच्या जागी मेला.

मी हात काढला.

आबांनी परत वर मारून पाहिलं. मी हात ठेवला. खाली मारलं. काढला. लोक कुजबुजायला लागले. आबा माझ्याकडे वळले, भुवया वर करून. आमच्या खुणेत दोनच गोष्टी होत्या, आहे आणि नाही. इथवर आहे आणि इथून खाली नाही, असं सांगायला तिच्यात काही नव्हतं. सुरुंगाने डोंगर हलताना दगडाच्या पायथ्याला चीर गेली होती. मी नाही म्हटलं असतं तर दगड डंपरमध्ये परत गेला असता, त्याची खडी झाली असती, आणि डोंगर तिथेच संपला असता. आहे म्हटलं असतं तर आबांनी पायापासून देवी घडवायला घेतली असती, आणि कधीतरी, काम अर्ध्यावर असताना नाहीतर लोक पाया पडत असताना, ती उभी चिरली असती. आणि तोंडाने सांगावं तर आबांना ऐकू येत नव्हतं. ते येत नाही हे सगळ्या गावासमोर कळलं असतं.

मी आजूबाजूला पाहिलं. मग खुणा करायला ठेवलेला गेरूचा खडा उचलला. आबांच्या हातातली हातोडी घेतली आणि दगडाला कान लावून बसले. वरून खाली हलके हलके ठोकत आले, जिथे आवाज मरायचा तिथे गेरूचा ठिपका दिला. दगडाभोवती गुडघ्यांवर सरकत सरकत फिरले. ठिपके जोडले. रेघ सरळ आली नाही. डावीकडे वर चढलेली, उजवीकडे खाली उतरलेली. माझा पदर कधी पडला, मागे कोण काय बोललं, मला काही आठवत नाही. दगड थंड होता आणि त्याला मातीचा वास येत होता, एवढंच आठवतं.

मी उठले. दत्ताशेठ म्हणाले, "आबा, या ताई काय करतायत? दगड तुम्ही बघताय की या?"

आबा रेघेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. ते रागावले असं मला वाटलं. मग ते लोकांकडे वळले आणि बोलले, ऐकू न येणारं माणूस बोलतं तसं, गरजेपेक्षा मोठ्याने.

"माझे कान गेलेत. कधीचेच गेलेत. दगड ही ऐकते. तिने म्हटलं इथवर, तर इथवर."

आई शेडीच्या खांबाला धरून उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला.

दत्ताशेठ वाईटसाईट काही बोलले नाहीत. विचारलं एवढंच, की मग खालचा भाग मशीनने कापून टाकता येईल का. मी हातवारे करून आबांना विचारलं. आबांनी मान हलवली. म्हणाले, मशीन लागलं की चीर वर चढणार. खालच्या भागाला टाकीसुद्धा लावायची नाही. आहे तसा राहील, खडबडीत, मातीसकट. देवी रेघेच्या वर जेवढी मावेल तेवढी. दत्ताशेठ हिशेब करत राहिले. म्हणाले, म्हणजे कमरेपासून वर? अर्धी देवी? लोक काय म्हणतील, आई?

हिराबाय दगडापाशी जाऊन बसली. रेघेच्या खाली, ओल्या मातीवर तिने हात ठेवला.

"अर्धी कनाला?" ती म्हणाली. "बाकीची डोंगरान हाय. पयली पन तशीच होती ना."

दत्ताशेठने दोन्ही मोबाइल खिशात टाकले.

त्या हिवाळ्यात आबांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. एक वेळ जेवायचे, मासळी बंद, पायात चप्पल नाही. शेडीला चारी बाजूंनी गोणपाट लावलं होतं. आत दगडाच्या कपच्यांचा वास, खोबरेल तेलाच्या दिव्याचा वास. आधी मोठ्या टाकीने भलते कोपरे उडाले, मग खांदे आले, मग मान, मग चेहऱ्याच्या जागी एक आंधळा उंचवटा. मी रोज जायची. घरी सासूबाई म्हणायच्या, बापाने देवी घडवायला घेतली की तुला? हे मात्र आपल्या हाताने चहा करून घेत.

मी दगडाच्या बाजूला, रेघेवर तळवा ठेवून बसायची. वर टाकी चालली की तिचा कंप खाली उतरायचा आणि रेघेपाशी येऊन थांबायचा. रोज तिथेच थांबतो ना, हे बघायचं माझं काम. आबांची टाकी जसजशी खाली यायला लागली तसतशी माझी झोप गेली. डोळे मिटले की बद्द आवाज ऐकू यायचा. आबांनी माझ्या शब्दावर सगळ्यांसमोर आपले कान टाकून दिले होते. ती बातमी तोवर पनवेलपर्यंत पोचली होती. एका मठाचं पादुकांचं काम ठरलं होतं, ते आलंच नाही. मला माहीत होतं, ही देवी चिरली तर माझ्या बापाचं आयुष्यभराचं नाव तिच्यासोबत चिरणार.

देवीच्या एका हातात भाताची लोंबी दिली होती, गावच्या शेतांची आठवण म्हणून. दुसरा हात खाली सोडलेला. तो घडवता घडवता मनगट झालं, तळवा झाला, आणि बोटं रेघेवर येऊन पोचली. फक्त बोटांची टोकं तेवढी खाली जायची होती. आबा थांबले. टाकी रेघेवर टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. मी लहानपणी जत्रेत एखाद्या वस्तूकडे बघायची तशी. हात पुरा व्हायला थोडंसंच हवं होतं. मी खाली कान लावला, ठोकून पाहिलं, परत ठोकून पाहिलं. मला हो म्हणायचं होतं.

मी मान हलवली. नाही.

आबांनी टाकी खाली ठेवली. तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही. मग हसले. बोटं तशीच राहिली, टोकं दगडात बुडालेली. बघणाऱ्याला वाटतं, देवीने डोंगरावर हात टेकलाय, किंवा डोंगराने तिचा हात धरलाय.

करंजाड्याच्या देवळात मूर्ती बसली. पाया अजून ओला होता, सिमेंटचा वास, झेंडूचा वास, रंग न दिलेल्या भिंती. डोळे उघडायचे बाकी होते. ते काम सगळ्यात शेवटी, जागेवर बसल्यावर, पहाटे. त्या वेळी देवीच्या समोर कोणी थांबायचं नाही, पहिली नजर झेपत नाही म्हणतात. आबांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मला बाजूला, रेघेपाशी बसवलं. सगळ्यात बारीक टाकीने आधी उजवा डोळा, मग डावा. इतके हलके ठोके की मलाही जेमतेम ऐकू येत होते. त्यांना तर काहीच येत नसणार. तरी एकही ठोका जास्त पडला नाही. कंप खाली आला, रेघेपाशी थांबला.

झालं. बाहेर ढोल सुरू झाला. आबांनी ओल्या फडक्याने देवीचं तोंड पुसलं, मग वाकून गेरूची रेघ पुसली. रेघ गेली. वरचा गुळगुळीत काळा दगड आणि खालचा खडबडीत, एकमेकांत मिसळून गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात खालच्या भागावर, मातीचे लाल डाग राहिले होते तिथे ठेवला.

"वरचं मी केलं," ते म्हणाले. या वेळी आवाज मोठा नव्हता. "हे तुझं."

मी म्हटलं, मी तर इथे काहीच केलं नाही. त्यांना ऐकू आलं नाही. ते उठले आणि दार उघडायला गेले.

त्यानंतर आबांनी मूर्ती घडवली नाही. काही वर्षं पाटे टाकवले, बारशाचे वरवंटे दिले. आता ते नाहीत, आईही नाही, शेडीच्या जागेवर पुलाचा खांब आहे. मुलाने घर घेतलं तेव्हा करंजाड्यात घेतलं, मला विचारून नव्हे, परवडलं म्हणून. देऊळ आमच्या गल्लीपासून जवळ आहे.

मंगळवारी जाते. देवीला आता चांदीचे डोळे आहेत, हिरवी साडी असते. साडी रेघ होती तिथपर्यंतच येते, खाली दगड उघडा. मागे दत्ताशेठने त्याला ग्रॅनाइट लावायचं काढलं होतं, पण हिराबाय होती तोवर कोणाची छाती झाली नाही, आणि ती गेल्यावर दत्ताशेठनेच विषय सोडला. गावातल्या म्हाताऱ्या बायका येतात. त्या वर चेहऱ्याकडे फार बघत नाहीत. खाली बसतात आणि त्या खडबडीत दगडाला हात लावून डोळे मिटतात. कोणी कपाळ टेकतं. कोणी पाठ टेकून नुसतीच बसते, घरच्या ओट्यावर बसावं तशी, आणि शेजारणीला सांगते की इथून वर गेलं की करवंदाची जाळी होती, तिथे झरा होता. दगडाला त्यांच्या हातांचं तेल लागून लागून तो भाग काळा, चकचकीत होत चाललाय. आबांनी कुरुंदाच्या दगडाने घासला असता तरी झाला नसता इतका मऊ.

परवा एक म्हातारी टेकून बसली होती. मला बघून जराशी सरकली आणि म्हणाली, ये गो, बस, जागा हाय. मी बसले.